गिऱ्हाइकाकडं १२० दिवस पैसे अडकलेत आणि बँक म्हणतीय नवीन लोन घ्या, काय करू?

दोन_सीएनसी, गोकुळ शिरगाव

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये माझं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), एक जुनं ड्रिलिंग आणि मला धरून सात माणसं. शिरोलीच्या दोन फाउंड्र्यांकडनं कास्टिंग (ओतीव भाग) घ्यायचं, मशिनिंग करायचं आणि पंपवाल्यांना नि एका मोठ्या कंपनीला पार्ट द्यायचे, हा धंदा. वर्षाला साधारण १ कोटी २० लाखाची बिलं होतात म्हणजे महिन्याला १० लाख धरा. कामाला तोटा नाही, रिजेक्शन पण फार नाही, तिकडनं फोन आला की रात्रपाळी लावून माल देतो.

अडचण पैशाची आहे. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) पैसे द्यायला ६० दिवस लिहिलेत. पण ते ६० दिवस कधीपासून मोजायचे, तर म्हणे जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअरची नोंद) झाल्यापासून, आणि जीआरएन करायला स्टोअरवाले पंधरा-वीस दिवस लावतात, मग बिल अकाउंटला जातं, मग त्यांचा पेमेंटचा दिवस महिन्यातनं एकच, तो चुकला की पुढचा महिना. असं करत करत १२० दिवस होतात. म्हणजे कायम माझे ४० लाख दुसऱ्याच्या खिशात. इकडं फाउंड्रीला मी ३० दिवसांत द्यायचे, पगार ७ तारखेला, लाइट बिल थांबत नाही आणि जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागतो, माझे पैसे येऊ देत नाहीतर न येऊ देत. गेल्या दिवाळीला बोनस द्यायला आईच्या पाटल्या आणि तोडे गोल्ड लोनला ठेवलेत, अजून तिथंच आहेत. ती काही बोलत नाही पण मला झोप लागत नाही.

आता बँकेचे साहेब आले होते. माणूस चांगला आहे, खोटं बोलणार नाही. म्हणाले तुमचं रेकॉर्ड स्वच्छ आहे, व्हीएमसी (मिलिंगचं सीएनसी मशीन) घ्या, २५ लाखाचं टर्म लोन देतो, तारण नको, सरकारी गॅरंटी ट्रस्टमध्ये बसवू, पाच वर्षं, ११ टक्क्यांच्या आसपास. हप्ता महिन्याला ५४ हजार. व्हीएमसी आली तर काम वाढेल हे खरं आहे. पण मला वाटतं काम वाढलं की अडकलेले पैसे पण वाढणार.

माझे दोन प्रश्न आहेत. एक, हे लोन घेऊ का नको. दुसरा, रोज पेपरात लघुउद्योगासाठी काहीतरी नवीन योजना असतीय, आणि फिरून फिरून सगळ्यांचं उत्तर कर्जच असतंय. आपल्यासारख्या देशात लहान कारखानदाराला खरंच वर काढायचं असेल तर त्याला आधी काय पाहिजे? कुणी अनुभवी माणसं असतील तर मनापासून सांगा.


जुना_उद्यमनगरकर

भावा, पहिलं म्हणजे आईचे दागिने सोडव, मग व्हीएमसीचं बघ.

मी ७२ वर्षांचा आहे. पोरगा होतो तवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनचे पार्ट करणाऱ्या एका मालकाकडं लागलो. म्हादबा मेस्त्रींचं नाव तिथं आजही आदरानं घेतात, त्या पिढीनं मशीन उघडून बघून बघून हे शहर उभं केलं. पण लोक त्यांच्या कारागिरीचं सांगतात, हिशोबाचं कुणी सांगत नाही. आमच्या गल्लीत एकजण क्रँक करायचा, शेजारचा नोझल, पलीकडचा पंपाची बॉडी. आणि शनिवारी हिशोब. का तर शनिवारी कामगाराचा आठवड्याचा पगार असायचा, मालकाला माहीत असायचं की आपण शेजाऱ्याला पैसे दिले नाहीत तर त्याच्या माणसांच्या घरी बाजार होणार नाही. माझे मालक स्वतः चालत जाऊन पैसे देऊन यायचे. त्यावर एवढा पसारा वाढला बघ. बँक होती पण बँकेत जायला कापडं चांगली लागतात असं आम्हाला वाटायचं, त्यामुळं तिकडं फारसं कुणी जात नव्हतं.

शाहू महाराजांनी तरी काय केलं, शाहूपुरीत गुळाला बाजारपेठ करून दिली, १९०६ ला शाहू मिल काढली, राधानगरीला धरण बांधायला घेतलं. पेठ, पाणी, काम. माल विकायला जागा आणि विकलेल्याचे पैसे हातात. एवढं झालं की कोल्हापूरचा माणूस पुढचं आपलं आपण बघतो.


निवृत्त_शाखाधिकारी

काकांशी मी सहमत आहे, पण बँकेच्या बाजूनं चार गोष्टी सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमचा आजार नेमका कळेल. मी ३१ वर्षं बँकेत होतो, त्यातली अकरा वर्षं कोल्हापूर-सांगली-इचलकरंजी.

लहान उद्योगाला खेळतं भांडवल किती द्यायचं याचा आमचा जो हिशोब आहे तो नायक समितीपासून चालत आलाय, म्हणजे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून. वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या २५ टक्के भांडवल लागतं असं धरायचं, त्यातलं ५ टक्के मालकानं आणायचं, २० टक्के बँकेनं द्यायचं. तुमच्या १ कोटी २० लाखावर ते २४ लाख होतात आणि मला खात्री आहे तुमची सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा) त्याच आसपास असणार. आता हे २५ टक्के कुठनं आले? वर्षातनं पैसा चार वेळा फिरतो, म्हणजे माल आणल्यापासून बिलाचे पैसे येईपर्यंत तीन महिने, असं गृहीत धरलंय. तुमचे नुसते बिलाचेच चार महिने झाले, त्यात कास्टिंग पडून राहण्याचे आणि मशिनिंगचे दिवस वेगळेच. मग लिमिट पुरणार कशी?

आणि दुसरा फटका याच्यापेक्षा वाईट आहे, तो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. तुम्ही महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देता. त्यात येणी लिहिता. साधारणपणे ९० दिवसांच्या पुढची येणी आम्ही ड्रॉइंग पॉवरमध्ये (लिमिटमधनं प्रत्यक्ष किती उचलता येतं त्या हिशोबात) धरत नाही, जुनं येणं म्हणजे बुडीत जायची शक्यता, असा नियम. म्हणजे गिऱ्हाइकानं उशीर केला की तुमचे पैसे तर अडकलेच, वर त्या बिलावर बँकेतनं जे उचलता आलं असतं तेही गेलं. चूक त्याची, आणि लिमिट कमी झाली तुमची. मी स्वतः अशी कित्येक खाती आवळलीत. कागदावर बरोबर होतं, पण समोर बसलेल्या माणसाकडं बघवत नव्हतं.

लोनबद्दल साहेब खरं बोलतायत. सीजीटीएमएसई म्हणजे तो गॅरंटी ट्रस्ट २००० सालापासून आहे, मर्यादा २०२३ ला ५ कोटी केली, एप्रिल २०२५ पासून १० कोटी. तारणाशिवाय मशीनला पैसे मिळणं ही चांगली गोष्ट आहे, आमच्या सुरुवातीच्या काळात सातबारा नाहीतर घराचा उतारा घेतल्याशिवाय मॅनेजर चहा पण विचारत नव्हता. पण गॅरंटी बँकेला असते, तुम्हाला नसते. हप्ते थकले तर खातं एनपीए (थकीत) होणार, सिबिल (कर्जफेडीचं रेकॉर्ड) खराब होणार, ते सगळं तुमच्याच नावावर. त्यामुळं हप्ता ज्या पैशातनं जाणार तो पैसा वेळेवर येतो का, हा प्रश्न आधी.

एक साधा हिशोब करून बघा. १२० दिवसांच्या जागी ४५ दिवसांत पैसे आले तर अडकलेली रक्कम ४० लाखावरनं १५ लाखावर येते. म्हणजे २५ लाख मोकळे. तुम्हाला बँक जेवढं लोन देतीय तेवढेच.


दोन_सीएनसी

साहेब, ड्रॉइंग पॉवरचं तुम्ही सांगितल्यावर गेल्या वर्षभराची स्टेटमेंटं काढून बसलो. अगदी तसंच झालंय. मला वाटायचं बँक उगीच लिमिट कमी-जास्त करतीय. ४० लाखाचं वर्षाचं व्याज ११ टक्क्यानं धरलं तर ४ लाख ४० हजार होतात, महिन्याला ३६ हजार. एका चांगल्या ऑपरेटरचा पगार मी गिऱ्हाइकाच्या वतीनं भरतोय.


सीए_राजारामपुरी

दादा, कायद्यानं तुम्हाला एवढं थांबायची गरजच नाही. पीओवर ६० लिहू दे नाहीतर ९०, २००६ च्या एमएसएमई कायद्यात कलम १५ आहे, सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. त्याच्यापुढं गेलं की बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आणि दिवस जीआरएनपासून मोजत नाहीत, माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही तर माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं कायदा धरतो. म्हणून चलनावर तारीख आणि शिक्का घ्याच, आणि त्याच दिवशी मेल करा. स्टोअरवाल्यानं वीस दिवस जीआरएन केला नाही हे त्याचं घरचं दुखणं.

आता गिऱ्हाईक १२० किंवा १५०-१७० दिवसच का लावतं, त्याच्या पुढं सहसा का जात नाही, याचा कधी विचार केलात का? जीएसटीमध्ये नियम आहे, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) व्याजासकट परत करायला लागतं. त्यामुळं बऱ्याच अकाउंट डिपार्टमेंटच्या डोक्यात १८० दिवसांची घंटा असते. कायद्याची ४५ दिवसांची घंटा कुणाला ऐकू येत नव्हती, कारण ती वाजवायची जबाबदारी लहान माणसावर होती. २०२३ च्या फायनान्स ॲक्टनं ती थोडी बदलली. आयकराच्या १९६१ च्या कायद्यात ४३बी मध्ये एच हे पोटकलम आलं, १ एप्रिल २०२४ पासून लागू. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला ठरल्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही, ज्या वर्षी पैसे देतील त्या वर्षी मिळणार. म्हणजे मार्चअखेर तुमचे १५ लाख मुदत संपून थकलेले असतील तर त्या १५ लाखावर कंपनीला त्या वर्षी टॅक्स पडतो. त्या पहिल्या मार्चला माझ्या ऑफिसात मोठ्या गिऱ्हाइकांचे फोन मी पहिल्यांदाच पाहिले, मॅडम आमच्याकडं लघु कोण कोण आहेत ती यादी द्या म्हणून.

पण यातही गोम आहे. हा फायदा उत्पादन आणि सेवा करणाऱ्यांना आहे, ट्रेडिंग करणाऱ्याला नाही, मध्यम उद्योगालाही नाही. आणि माझ्या एका क्लायंटला त्याच्या गिऱ्हाइकानं सरळ सांगितलं की उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) रद्द करा, नाहीतर आम्ही दुसरीकडनं माल घेतो. त्यानं रद्द केली हो. मी विनवण्या केल्या, पण त्याच्या घरात त्या एकाच कंपनीवर चूल पेटते, त्याला तरी काय म्हणणार.

तुमची उद्यम नोंदणी आहे ना? जुलै २०२० नंतरची पाहिजे, फुकट होते, कुणाला पैसे देऊ नका. आणि नंबर बिलावर, चलनावर, मेलच्या खाली सगळीकडं छापा. माल दिल्यानंतर नोंदणी काढून जुन्या बिलावर दावा लावायला गेलात तर टिकणं अवघड आहे.


भट्टीवाली_शिरोली

ताईंनी कायदा बरोबर सांगितला, पण तो वापरून बघितलेली इथं मी आहे म्हणून लिहिते.

वडील गेल्यावर फाउंड्री माझ्याकडं आली. एका गिऱ्हाइकाकडं ११ लाख अडकले होते, दीड वर्ष. मी सरकारच्या समाधान पोर्टलवर अर्ज टाकला, २०१७ ला ही सोय सुरू झाली, प्रकरण थकलेल्या बिलांचा निवाडा करणाऱ्या कौन्सिलकडं जातं. कायद्यात लिहिलंय ९० दिवसांत निकाल. मला चौदा महिने लागले. पहिली नोटीस पोचली त्याच आठवड्यात त्यांच्याकडचं काम बंद झालं, तयार झालेलं कास्टिंग सुद्धा उचललं नाही, पॅटर्न (ओतकामाचे नमुने) परत पाठवून दिले. शेवटी तडजोडीत मुद्दल मिळाली, व्याज मी सोडून दिलं. ११ लाख वाचले आणि वर्षाला ३० लाखाचं गिऱ्हाईक गेलं. पश्चात्ताप नाही, कारण ते पैसे नसते आले तर इंडक्शन भट्टीचं लाइट बिल भरायला माझ्याकडं काही नव्हतं आणि कनेक्शन गेलं असतं. पण माझं म्हणणं असं की जे गिऱ्हाईक तोडायचंच ठरवलंय त्याच्यावरच हे हत्यार चालतं, ज्याच्याबरोबर पुढं काम करायचंय त्याच्यावर नाही.

त्यापेक्षा ट्रेड्स बघा. नाव ऐकलं असेल. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनं चालणारे प्लॅटफॉर्म आहेत, आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट असे. आपण बिल टाकायचं, कंपनीनं तिथं मान्य करायचं, की बँका त्या बिलावर बोली लावतात, ज्याचं व्याज कमी त्याला बिल विकायचं. पैसे मला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळाले. आणि मुख्य म्हणजे पुढं कंपनीनं बुडवलं तरी बँक आपल्या मागं येत नाही, कंपनीच्या मागं जाते. व्याज पण कंपनीची पत बघून लागतं म्हणून मला माझ्या सीसीपेक्षा दोन टक्क्यानं स्वस्त पडलं.

अडचण एकच, कंपनीनं मान्य करायला पाहिजे. २५० कोटीच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची केलीय, ३१ मार्च २०२५ ची मुदत होती. पण नोंदणी सक्तीची आहे, वापर नाही. नाव घालून ठेवतात आणि बिलाला हात लावत नाहीत. माझ्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक तयार झालं, तेही मी अकाउंटवाल्यांच्या नादी लागले नाही म्हणून. परचेसवाल्यांना माझ्याकडनं रेट कमी करून पाहिजे होता, तेव्हाच सांगितलं की साहेब रेट देते पण बिल ट्रेड्सवर घ्या. आपली गरज असते तेव्हा काही मागू नये, त्यांची गरज असते तेव्हा मागावं.

आणि एक गोष्ट, जी लिहायला जड जातंय. ११ लाखाच्या त्या काळात मी माझ्या पॅटर्नवाल्याला सहा-सहा महिने पैसे देत नव्हते. तो बिचारा जवाहरनगरात दोन माणसांवर काम करतो, त्याच्याकडं उद्यम नाही, बिल नाही, वहीवर हिशोब. मला जे झालं ते मी त्याला करत होते, आणि मला वाटायचं मी तर स्वतःच अडचणीत आहे. आता त्याला पंधरा दिवसांत देते, सगळ्यात आधी त्याला. आपण सगळेजण वरच्याकडं बघून ओरडतो पण आपल्या खाली पण कुणीतरी असतंय.


नैरोबीवरनं_परत

मी सहा वर्षं केनियात नैरोबीला होतो, पंप विकायचो. तिथं कामुकुंजीला जुआ कालीचे कारागीर बसतात, स्वाहिलीत जुआ काली म्हणजे कडक ऊन, उघड्यावर उन्हात काम करतात म्हणून ते नाव. पत्रा ठोकून पेट्या, शेगड्या, चुली करतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा ठोकण्याचा आवाज ऐकून मला आपलं उद्यमनगर आठवून डोळ्यात पाणी आलं, खरं सांगतो.

तिकडं २००७ ला मोबाइलवरनं पैसे पाठवायचं एम-पेसा सुरू झालं. लोक त्याचं कौतुक करतात ते टेक्नॉलॉजी म्हणून, पण मी जे बघितलं ते असं की पेटी उचलली की तिथल्या तिथं पैसे. गावाकडनं माल मागवणारा पण आधी पैसे टाकायचा. उधारीची वहीच पातळ झाली. त्या पोरांना कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं की सबसिडी दिली नव्हती, आपला पैसा आपल्या हातात लवकर यायला लागला एवढंच झालं, आणि त्यातनं पत्र्याचं पुढचं बंडल रोखीनं यायला लागलं.

मग २०१२ ला त्याच मोबाइलवर कर्ज आलं, एम-श्वारी. बटण दाबलं की पैसे, महिन्याला साडेसात टक्के फी. साडेसात महिन्याला, वर्षाला नव्हे! पुढं तसली ॲप किती आली त्याला गणती नाही. माझ्या ओळखीचा एक शेगडीवाला तीन ॲपचं फेडायला चौथ्याकडनं घ्यायचा. त्याच देशात, त्याच मोबाइलवर एक गोष्ट माणसाला उभं करत होती आणि दुसरी खाली ओढत होती, आणि दोन्हीला बाहेरचे लोक एकाच नावानं ओळखत होते, वित्तीय समावेशन.

भट्टीवाल्या ताई म्हणतायत ती ट्रेड्ससारखी व्यवस्था मेक्सिकोत २००१ पासून आहे, त्यांच्या सरकारी विकास बँकेनं, नाफिननं, उभी केली. मोठ्या कंपनीच्या पतीवर लहान पुरवठादाराला पैसे, हीच कल्पना.

जागतिक बँकेच्या गटातली आयएफसी आहे, तिचा २०१७ चा अंदाज होता की विकसनशील देशातल्या लहान-मध्यम उद्योगांना दर वर्षी ५.२ लाख कोटी डॉलर कर्ज कमी पडतं. आकडा मोठा आहे, आणि बँकांना, सरकारांना तो आवडतो कारण त्यावर उपाय म्हणजे आणखी कर्ज वाटणं. माझ्या मनात कायम येतं की या खड्ड्यातला किती भाग म्हणजे लहान माणसाचे स्वतःचेच पैसे आहेत, जे मोठ्यानं दिले नाहीत.


वेणीवाली_सुभाषनगर

सगळं वाचलं. मी थोडं वेगळं सांगते, रागावू नका. कर्ज म्हणजे वाईटच असं म्हणू नका.

आमचं घर चपलांचं. मी चपलेची वेणी घालते, सासरे आणि मालक तळ नि कान करतात. आमच्यात माल दुकानदाराला जांगड द्यायचा. विकला तर पैसे, नाही विकला तर पावसाळ्यात बुरशी धरलेला परत. आणि कातडं मात्र व्यापाऱ्याकडनं उधार, उधार म्हटलं की त्याचा भाव वेगळा. दोन्हीकडनं आम्हीच मधे. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक ओळखीचं मानांकन) मिळालं, जून २०२५ ला ते मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दिसली तेव्हा टीव्हीवाले गल्लीत आले, फोटो काढले, चार दिवस फोन वाजत होता. जांगड तशीच राहिली.

मग कारागिरांच्या सरकारी विश्वकर्मा योजनेत नाव घातलं. हत्यारांना १५ हजार आणि १ लाख कर्ज ५ टक्क्यानं. त्या एक लाखाचं मी मशीन घेतलं नाही, घराला रंग दिला नाही, सगळ्याचं कातडं रोखीनं आणलं. व्यापाऱ्यानं त्याच कातड्याला भाव कमी लावला. पहिल्यांदा असं झालं की दुकानदार आला आणि मी म्हटलं जांगड देणार नाही, निम्मे पैसे ठेवा आणि माल न्या. दोघांनी नाही म्हटलं, एकानं ठेवले. कारण माझ्या डोक्यावर व्यापारी नव्हता, थांबायची ताकद होती.

तुमच्या ४५ दिवसांच्या कायद्याचा आम्हाला उपयोग नाही हो, आमच्याकडं बिलच नसतं, चिठ्ठी असते. ते बिल-चलन कसं करायचं ते कुणी शिकवलं तर मात्र पाहिजे आहे.


सीए_राजारामपुरी

वहिनी, रविवारी सकाळी मी येते सुभाषनगरला. गल्लीतल्या आणखी कुणाला यायचं असेल तर बोलवा. आधार, पॅन आणि असतील त्या चिठ्ठ्या घेऊन बसू, तासाभरात उद्यम नोंदणी होते. पैसे-बिसे काही नकोत.


निवृत्त_शाखाधिकारी

वेणीवाल्या ताईंनी जे एका परिच्छेदात सांगितलं ते मला बँकेत कुणी शिकवलं नाही. कर्ज सौदा करायची ताकद देत असेल तर घ्यावं. गिऱ्हाइकाचं भोक बुजवायला घेतलं तर ते भोक आपलं होतं. दोन_सीएनसी, तुम्ही साहेबांना नाही म्हणू नका, सहा महिने थांबा म्हणा. मंजुरीसाठी कागद तयार ठेवा. आणि सहा महिन्यांची येण्यांची यादी वयानुसार काढून त्यांच्यासमोर ठेवा, त्यांनाही कळेल.

मीही येऊ का रविवारी? फॉर्म भरता येतात मला.


वेणीवाली_सुभाषनगर

या की साहेब. चहाला बोलवतोय म्हणा.


दोन_सीएनसी

मंडळी, अडीच महिन्यांनी लिहितोय, उशीर झाला. काय काय झालं ते सांगतो.

लोन घेतलं नाही, साहेबांना थांबायला सांगितलं, त्यांनीही मानलं. उद्यम नंबर सगळ्या बिलांवर छापला. चलनावर शिक्का घ्यायला मी स्वतः टेंपोबरोबर जायला लागलो, पहिले दोन आठवडे स्टोअरवाले चिडले, आता जीआरएन तिसऱ्या-चौथ्या दिवशी होतो. नुसत्या एवढ्यानं पंधरा दिवस वाचले, कायदा-बियदा काही काढावा लागला नाही.

पंपवाल्यांपैकी एकाला समोर बसून हिशोब दाखवला, महिन्याला ३६ हजार व्याज कसं जातं तो. त्याला म्हटलं रेट दीड टक्का कमी करतो, ४५ दिवसांत द्या. लगेच हो म्हणाला, म्हणजे त्याच्याकडं पैसे होते, मी कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्यानं नाही म्हटलं, मग त्याचं काम मी निम्म्यावर आणलं. भीती वाटली, पण तेवढ्या तासांत पहिल्याचं काम बसलं.

मोठी कंपनी मात्र आहे तिथंच आहे. ट्रेड्सवर नोंदणी केलीय म्हणाले, वापरायचं पुढच्या आर्थिक वर्षात बघू. ताई, तुम्ही सांगितलं तसं त्यांची रेटची मीटिंग आली की तेव्हा धरणार. अजून ते १०० दिवसांच्या आसपास देतात.

आणि ताईंचं वाचून मी आधी माझ्या ड्रिलिंगच्या जॉबवर्कवाल्याचे राहिलेले ६२ हजार देऊन आलो. त्याची बायको दारात उभी होती, तिनं विचारलं, दादा सगळे दिले?

पंपवाल्याचं पहिलं बिल ४३ व्या दिवशी जमा झालं. गुरुवारी आईच्या पाटल्या सोडवून आणल्या. तोडे राहिलेत, ते पुढच्या बिलावर.